चर्चच्या फरशीतली पितळी बाई

माझ्या अक्षराबद्दल आणि चुकांबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, आणि हाताला घासणीची सवय आहे, पेनाची नाही. चौथी झाल्यावर वडिलांनी शाळेतून काढलं. त्यानंतर मी लिहिलं ते सामानाच्या याद्या आणि सणावाराला भावाला चार ओळी. ही वही मुलीच्या शाळेतली आहे. पुढे तिचा भूगोल आहे, मागची पानं कोरी होती. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण जे झालं ते मी घरी अर्धंच सांगितलं, आणि बाहेर त्याहून कमी, म्हणून एकदा सगळं उतरवून ठेवते.

आमचे हे स्वयंपाकी. आधी बारा वर्षं इंग्लंडात रीडिंगला एका हॉटेलात होते. तिथे आपली माणसं भरपूर, गणपतीला हॉल घेतात, सोसायटीत बायका एकमेकींकडे डबे पाठवतात. मग यांना एका खेड्यातल्या पबमध्ये काम मिळालं. पबच्या मालकाला आठवड्यातून तीन दिवस करी हवी होती, आणि वरच्या दोन खोल्या राहायला फुकट होत्या. मुलगी तोवर नोकरीला लागून रीडिंगलाच वेगळी राहत होती. आम्ही दोघं आलो. सकाळी पब झाडून-पुसून घ्यायचं काम मला मिळालं. गावात तो पब, समोर रस्त्यापलीकडे चर्च, आणि दिवसातून दोनदा बस. पहिले सहा महिने मी ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ याच्यापुढे कोणाशी बोलले नाही.

चर्चचं दार दिवसभर उघडं असायचं. एकदा दुपारी मी आत गेले. देव कुठला, आपण जावं की नाही, हा विचार दारातच झाला. पण आत पाऊल टाकलं आणि ओळखीचा वास आला. चुन्याचा. ओलसर, जुन्या चुन्याचा.

माझे वडील गवंडी होते. आमच्याकडे सिमेंट यायच्या आधी ते चुन्यात काम करायचे. बैलाची घाणी असायची, गोल चरात दगडी चाक फिरायचं, त्यात चुना, वाळू, वरून हिरड्याचं पाणी आणि गूळ. शाळा सुटल्यावर मी त्या घाणीवर घमेलं उचलायला लागले. हाताची सालं निघायची. त्यामुळे मला पुस्तकातलं काही कळत नसलं तरी भिंत कळते.

मी त्या भिंतीला हात लावून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“भिंत पडेल म्हणून धरून ठेवली आहेस का?”

बाई पंचाहत्तरीच्या पुढची, पायात चिखलाचे बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. ती चर्चची वॉर्डन, म्हणजे इमारतीची सगळी काळजी तिच्याकडे. आधी शाळेत शिकवायची. मी घाबरून म्हटलं, “सॉरी मॅडम.”

“मॅडम म्हणू नकोस. मी काय राणी आहे?”

पण मला नावाने हाक मारायला जमेना, वयाने आईसारखी बाई. मी मॅडमच म्हणत राहिले आणि शेवटी तिने नाद सोडला.

त्या दिवशी मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला एकच सांगितलं, की या कोपऱ्यात ओल आहे ती बाहेरून सिमेंट भरल्यामुळे. आत सगळा चुना आणि बाहेर दगडांच्या सांध्यात सिमेंट. वडील म्हणायचे, चुन्याच्या भिंतीला घाम येऊ द्यावा, कोंडला की ती आतून कुजते. हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी माझ्या कपाळावरचा घाम पुसून दाखवला आणि मग हाताने नाक-तोंड दाबून दाखवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “आमच्या आर्किटेक्टने हेच सांगायला चार पानांचं पत्र लिहिलं, आणि बिल लावलं.”

शुक्रवारी चर्च झाडायला मी जायला लागले, ते असं. पगार नव्हता, मी मागितलाही नाही. दर शुक्रवारी दहा ते बारा. तिने मला छोट्या दाराची किल्ली दिली.

ती मला इमारत शिकवत होती, वर्गातल्या मुलीला शिकवावं तशी. दारावरची कमान गोल आहे, ती सगळ्यात जुनी. आतल्या कमानींना वर टोक आहे, त्या नंतरच्या, कारण तोपर्यंत लोकांना कमी दगडात उंच बांधायचं गणित सापडलं होतं. गोल कमानीची भिंत माझ्या दोन हातांएवढी जाड. बाहेरच्या भिंती गारगोट्यांच्या. या भागात बांधायचा दगडच नाही, शेतात नांगराला लागणाऱ्या गारा वेचून गावकऱ्यांनी चुन्यात बसवल्या. कोपऱ्यांना मात्र चांगला दगड, तो लांबून गाड्यांनी आणलेला. मला हे लगेच पटलं. आमच्या गावातही जोत्याला घडीव दगड आणि वर मिळेल ते.

एका खांबाच्या आत अरुंद जिना आहे. आठ पायऱ्या वर जातो आणि हवेत संपतो. मी पहिल्यांदा चढून वर गेले तर समोर काहीच नाही, खाली बाकं. मॅडम हसली. म्हणाली, इथे पूर्वी आडवा लाकडी सज्जा होता, त्यावर मूर्ती होत्या. मग राजाने धर्म बदलला, माणसं पाठवली, मूर्ती काढून जाळल्या, सज्जा पाडला, भिंतींवरची चित्रं चुन्याने पुसून पांढरी केली. जिना तेवढा राहिला, कारण जिना पाडायला मजुरी लागते.

“आणि गावातले लोक काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणणार? पुढच्या रविवारी आले आणि बसले.”

एका खिडकीशेजारी चुन्याचा पापुद्रा गळून पडला आहे, तिथे आतलं लाल चित्र थोडं दिसतं. एक पाय आणि माशाची शेपटी. कोणा संताचा पाय नदीत आहे म्हणे. मी झाडताना तिथे ब्रश लावायचा नाही हे मॅडमने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दाराजवळ एका लाकडी फळीवर इथल्या सगळ्या पाद्र्यांची नावं आहेत, अगदी वरपासून. एका ठिकाणी थोड्याशा काळात तीन नावं येतात. मी विचारलं, भांडणं झाली का? मॅडम म्हणाली, प्लेग.

आणि मग ती पितळी बाई. पुढच्या भागात, पाद्री उभा राहतो तिथे जवळच, फरशीत एक काळसर गुळगुळीत शिळा आहे, आणि शिळेत बसवलेला पितळी पत्र्याचा आकार. बाई हात जोडून उभी आहे, डोक्यावर पंख पसरल्यासारखं काहीतरी, पायाशी घंट्यांचा पट्टा घातलेलं कुत्रं. तिच्या खाली वेगळ्या पत्र्यावर तिची मुलं ओळीने. सहा मुली, चार मुलगे, आणि शेवटी एक कापडात घट्ट गुंडाळलेलं बाळ. गुंडाळलेलं म्हणजे बारशाच्या आधीच गेलेलं, असं मॅडम म्हणाली. पाचशे वर्षांपूर्वीची बाई. तिच्यावर लाल जाजम टाकलेलं असायचं, पाय पडून झिजू नये म्हणून. मॅडमने एकदाच उचलून दाखवलं होतं. तेव्हा घाई होती, तिच्याबद्दल काय करायचं, काय नाही, हे बोलणं राहून गेलं.

सप्टेंबरात मॅडम पायाच्या ऑपरेशनला गेली आणि नंतर बहिणीकडे राहिली. महिन्याभराने सुगीची प्रार्थना होती, आसपासच्या पाच गावांचे लोक येणार होते. मी ठरवलं, आपल्याकडे दसऱ्याच्या आधी घर धुऊन-पुसून काढतात तसं चर्च काढायचं. जाळी काढली, बाकांच्या खालचं पुसलं, गुडघे टेकायच्या उशा उन्हात घातल्या. मग जाजम झटकायला उचललं आणि बाई दिसली. काळी. तपकिरी-काळी, तव्याच्या बुडासारखी.

मला खरंच लाज वाटली. एवढे लोक येणार आणि घरातल्या बाईला असं ठेवायचं? वेदीवरच्या समया नव्हेत, मेणबत्त्यांचे पितळी उभे दांडे असतात, ते फुलं मांडणारी बाई दर आठवड्याला डब्यातल्या पॉलिशने लखलखीत करायची. मग ही का काळी? मला वाटलं, पॉलिशने निघत नसेल म्हणून सोडून दिलं. चिंच त्यांना माहीत नाही.

मी पबच्या किचनमधून चिंच आणली. मूठभर चिंच, मोठा चमचाभर मीठ, गरम पाणी. चोळून कोळ काढला, पितळेवर ओतला, मापून पंधरा मिनिटं ठेवला आणि घासायला बसले. तासाभरात बाई सोन्यासारखी निघाली. तिच्या कपाळावरची बारीक रेघ दिसली, कुत्र्याच्या पट्ट्यातली एकेक घंटा दिसली. मी त्या गुंडाळलेल्या बाळालाही जपून पुसलं. दोन बादल्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं.

कोरडं झाल्यावर दगड दिसला. पितळेच्या भोवती वीतभर शिळा पांढरी पडली होती. हात फिरवला तर खरबरीत. पुन्हा पाण्याने पुसली, ओली असताना काळी दिसे, वाळली की पांढरी. तेव्हा मला कळलं. हा चुनखडीचा दगड. आंबट पडलं की चुनखडी फसफसते, हे मला सातव्या-आठव्या वर्षापासून माहीत होतं. घाणीवर आम्ही मुलं चिंचा खाऊन खड्यांवर थुंकायचो, फेस बघायला. ते सगळं हातांना माहीत असताना त्याच हातांनी मी हे केलं, कारण त्या वेळी मी गवंड्याची मुलगी नव्हते, भांडी घासणारी बाई होते.

मी जाजम पुन्हा टाकलं आणि घरी आले.

सुगीचा कार्यक्रम झाला. कोणी जाजम उचललं नाही. मॅडम काठी घेऊन परत आली, आणि तिसऱ्या दिवशी एक पाहुणा पितळी बाई बघायला आला म्हणून तिने जाजम काढलं. मी तेव्हा मागे बाकं पुसत होते. तिने पांढरी पडलेली शिळा पाहिली. काठी टेकून जवळच्या बाकावर बसली. पाहुणा म्हणाला, “वा, किती चकचकीत!” तो गेल्यावर ती मला म्हणाली, “हे कोणी केलं, तू पाहिलंस?”

मी मान हलवली. नाही, अशी.

यांना रात्रीचं जेवण वाढताना सांगितलं. हे म्हणाले, “तुझं पितळ उघडं पडलं म्हणायचं.” मग मी हसत नाही हे बघून पोळी खाली ठेवली. “अगं, गप्प बस. कोणाला कळणार आहे? हीच माणसं संध्याकाळी माझ्या हातचं जेवतात. उद्या म्हणतील, बाहेरून आले आणि पाचशे वर्षांचं वाटोळं करून ठेवलं.”

“अहो, पण त्या फुलंवाल्या बाईवर येईल. तिच्याकडेच पॉलिश असतं.”

“तिचं ती बघेल. तिचं गाव आहे.”

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आई, जस्ट टेल देम. वर्स्ट केस काय होईल, ते किल्ली परत घेतील.”

तेच तर मला नको होतं. तिच्यासाठी ती एक किल्ली होती. मला या गावात जायला दुसरी जागा नव्हती आणि माझ्याशी बोलणारं दुसरं माणूस नव्हतं.

मी दोन शुक्रवार गप्प राहिले, आणि चर्चमध्ये येणारी माणसं फुलंवाल्या बाईला टोमणे मारत राहिली. दुसऱ्या शुक्रवारी पितळेवर हिरवे ठिपके आले होते. बोट लावलं तर पिठासारखे. बाळाच्या पत्र्यावर सगळ्यात जास्त. मॅडमने दुरुस्ती करणाऱ्या माणसाला फोन केला होता. त्याने विचारलं होतं, नक्की काय लावलं ते सांगा, त्यावर इलाज ठरेल; पॉलिश असेल तर एक, दुसरं काही असेल तर दुसरं, आणि उशीर केलात तर पत्रा खाल्ला जाईल. मॅडम ते फुलंवाल्या बाईला सांगत होती. फुलंवाली बाई साठीची, उंच, गावातल्या शेतकऱ्याची बायको, आवाज मोठा.

“तीस वर्षं मी पॉलिश फक्त मेणबत्त्यांच्या दांड्यांना लावते,” ती म्हणाली. “तीस वर्षं! तुला माझ्यावर विश्वास नसेल तर ही घे किल्ली, आणि फुलं सुपरमार्केटमधून आणत जा.”

“मी तुझं नाव घेतलेलं नाही.”

“घ्यायला कशाला हवं? डबा माझ्या कपाटात आहे!”

तिने खरंच किल्ली काढून बाकावर आपटली. मी बादली खाली ठेवली.

“मी केलं,” मी म्हटलं.

दोघींना ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने म्हटलं. मग चिंच हा शब्द इंग्रजीत आठवेना. मी रस्ता ओलांडून किचनमध्ये गेले, चिंचेचं पाकीट आणि मिठाची बरणी घेऊन तशीच पळत आले आणि दोन्ही मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. किती, कसं, किती वेळ, सगळं हातवारे करून सांगितलं.

फुलंवाली बाई म्हणाली, “दोन आठवडे! दोन आठवडे तू मला टोमणे खाताना बघत होतीस, आणि तिथे उभी राहून बाकं पुसत होतीस.”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी माफी मागितली. ती किल्ली उचलून निघून गेली.

मॅडमने पाकीट उघडून वास घेतला. “हे खातात?”

“सारात घालतो.”

“मी तुला सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “तो काळा रंग म्हणजे तिची कातडी. पाचशे वर्षांत चढलेली. ती तिला सांभाळते.” मग पाकीट बंद करत म्हणाली, “पण विचारायला तू पण हवं होतंस.”

मी माझी किल्ली काढून दिली. तिने ती घेतली आणि खिशात ठेवली. घरी येऊन मी यांना किल्ली दिल्याचं सांगितलं नाही, कांदे चिरायला बसले.

दुरुस्तीवाला माणूस पुढच्या आठवड्यात आला. मॅडमने मला बोलावून घेतलं, कारण त्याला माझ्याकडूनच ऐकायचं होतं. त्याने माझी कृती वहीत उतरून घेतली, पाककृती उतरून घेतात तशी. मीठच वाईट, तो म्हणाला, आंबटाने दगड गेला पण मीठ पितळेत शिरून बसलं आहे, ते अजून खातंय. त्याने पाच दिवस काम केलं. कापसाचे बोळे शुद्ध पाण्यात भिजवून ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. शेवटी मेण चढवलं. दगड बारीक पूड लावून घासला, पण पूर्वीसारखा झाला नाही. बाईच्या भोवती एक फिकट कडा राहिली. ती आता कायमची.

त्याचे नऊशे साठ पौंड झाले. विमा कंपनीने नाही म्हटलं. छपराच्या दुरुस्तीसाठी गावाने जमवलेले पैसे होते, त्यातून मॅडमने दिले. छपरावरचे शिशाचे पत्रे दोनदा चोरीला गेले होते आणि पावसाळी दिवसांत उत्तरेच्या बाजूला तीन बादल्या मांडाव्या लागत, हे मीच दर शुक्रवारी बघत होते. त्या बादल्या मीच रिकाम्या करायचे.

मी म्हटलं, हे पैसे मी भरणार. मॅडम म्हणाली, चर्चच्या कमिटीत बोलणं झालं, तुझ्याकडून कोणी मागत नाही. मी म्हटलं, मागत नाहीत हे मला माहीत आहे. पबच्या सफाईचे मला आठवड्याला साठ पौंड मिळायचे. त्यातले वीस मी दर शुक्रवारी पाकिटात घालून तिच्या घरी नेऊन द्यायला लागले.

हे चिडले. “चर्चला पैसे? आपल्या गावच्या देवळाला कधी शंभर रुपये दिलेस का?”

“तिथलं मी काही बिघडवलं नव्हतं.”

चौथ्या का पाचव्या पाकिटाच्या वेळी मॅडमने दारातच किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पुढच्या शुक्रवारी झाडू घेऊन गेले. फुलंवाली बाई होती. तिने मला बघितलं आणि पाठ फिरवून फुलं मांडत राहिली. असं बरेच महिने चाललं. मला त्याचं वाईट वाटलं, पण राग आला नाही.

वसंतात उत्तरेच्या भिंतीतलं सिमेंट काढून चुना भरायला एक गवंडी आला. तरुण मुलगा, चुन्यातलं काम कोर्स करून शिकलेला. त्याचा चुना फार पातळ होता. मी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी न राहवून थापी मागितली. मिश्रण थापीला चिकटून राहिलं पाहिजे, उलटी केली तरी पडता कामा नये. त्याला करून दाखवलं. मग आठवडाभर दुपारी मी त्याला चुना कालवून द्यायला जात होते. मॅडमने बघितलं आणि म्हणाली, “या कामाची मजुरी आम्ही धरतो आणि उरलेले पैसे फिटले म्हणून समजतो.”

“नाही मॅडम. हे काम मी आवडीने केलं. ते पैसे वेगळे.”

“तू फार हट्टी आहेस.”

“हो.”

तिने वाद घातला नाही. मध्ये दोन आठवडे पब बंद होता तेव्हा माझं पाकीट चुकलं, ते मी नंतर दहा-दहा पौंड वाढवून भरलं. मुलीने एकदा म्हटलं, आई, मी एकदम ट्रान्स्फर करते, संपवून टाक. मी नको म्हटलं. तिला ते कळलं नसावं, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या सुगीच्या प्रार्थनेच्या आदल्या शुक्रवारी मी जाजम झटकायला काढलं. फुलंवाली बाई जवळच डेलियाची फुलं मांडत होती. ती येऊन शेजारी उभी राहिली. बाईचा रंग पुन्हा मंद व्हायला लागला होता, मधासारखा. “काळी व्हायला किती वर्षं लागतील?” मी विचारलं.

“आपण दोघी नसू,” ती म्हणाली. “जाजमाचं ते टोक धर.”

आम्ही दोघींनी जाजम टाकलं. मग मी मॅडमकडे गेले आणि शेवटचं पाकीट दिलं. तिने आतली नोट काढली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, “झाले?”

“झाले,” मी म्हटलं. नऊशे साठ पौंड, सगळे.